कामाचं झाकण

३ नोव्हेंबर, सोमवार

संग्रहालयातल्या बाई आज रिव्हॉल्व्हर देऊन गेल्या. सोबत परवान्याची तीन पानं, एक छापील तक्ता आणि एक सूचना: कामाची रोजची नोंद ठेवा. ती नोंद वेगळ्या वहीत ठेवीन. तिच्यात नळीची लांबी, वजन, असलं सगळं. ही वही माझी. आठ महिन्यांपूर्वी दादाला झटका आला, तेव्हापासून दुकानात बोलायला भिंतींशिवाय कोणी नाही. भिंती मधेमधे तोंड घालत नाहीत, एवढंच त्यांचं बरं.

बाई तरुण आहेत. चष्मा कपाळावर चढवतात आणि मग पर्समध्ये शोधत बसतात. म्हणाल्या, "काका, जुन्या हत्यारांतलं तुमच्याइतकं कोणाला कळत नाही असं सगळे सांगतात." म्हटलं, "सगळे म्हणजे किती? बाकीचे वर गेले म्हणून मी उरलोय." त्या हसल्या. मी आपलं खरं तेच सांगितलं होतं. या रस्त्यावर बंदुका दुरुस्त करणारी चार दुकानं होती. आता एक आमचंच, आणि तेही कुलपं नि शिवणयंत्रं दुरुस्त करून चालतं.

काम असं: कुठल्याशा जुन्या घराण्याने हे रिव्हॉल्व्हर संग्रहालयाला दिलंय. घरच्यांचं म्हणणं, पणजोबांनी ते लढाईत वापरलं आणि कारखान्यातून निघालं तसंच्या तसं आहे. पुढच्या महिन्यात ते काचेच्या कपाटात जाणार. खालच्या कार्डावर काय लिहायचं ते मी सांगायचं. तक्त्यात रकाने आहेत: भाग, मूळ की बदललेला, बदल कोणी केला. शेवटचा रकाना वाचून हसूच आलं. बदल करणारा काय सही ठोकून जातो?

वर जाऊन दादाला सांगितलं, जुनं रिव्हॉल्व्हर आलंय. त्याने डावा हात हलवला. उजवी बाजू गेलीच आहे. शब्द चारच उरलेत: हो, नाही, मी, आणि एक शिवी. शिवी मात्र लख्ख येते. डॉक्टर म्हणाले, असं होतं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नंबर वाचले. सांगाड्यावर एक, गोळ्यांच्या चक्रावर दुसरा, नळीच्या पोटाखाली तिसरा. एका घरात तीन आडनावं! नळी कापून बोटभर आखूड केलीय. टोकाला नेम धरायचा दाणा पितळेचा, नंतर बसवलेला. मुठीची लाकडं चौथ्याच कोणाची तरी, पण बसवलीत अशी की फटीत नख जाणार नाही.

म्हणजे पणजोबांची लढाई गेली बाराच्या भावात. निदान तीन मेलेल्या रिव्हॉल्व्हरांतून हे एक जिवंत केलेलं आहे. पण केलंय कोणी! चक्र फिरवलं की सहाही घरं नळीसमोर बरोबर येऊन थांबतात. तीन ठिकाणचं सामान असं एकमेकांशी बोलायला लावणं म्हणजे खायचं काम नाही. मी गेली चाळीस वर्षं हेच करतोय, मला जमलं नसतं. कोणाला सांगणार नाही, पण नसतं जमलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मुठीची लाकडं काढली आणि दिवा जवळ ओढला.

आत सांगाड्यावर तीन ठिपके. दोन वर, तिसरा जरा खाली. बाबांची खूण! बाबा प्रत्येक कामाला आतून असे तीन ठिपके ठोकायचे. गिऱ्हाइकाला दिसायचे नाहीत. मी विचारलं होतं, "दिसत नाहीत तर कशाला?" तर म्हणाले, "पुढे कोणी उघडेल तेव्हा त्याला कळेल ना."

उघडलं, बाबा. त्रेपन्न वर्षांनी तुमच्या धाकट्याने उघडलं.

तक्त्यातला तिसरा रकाना मला आता हसण्यावारी न्यायचा नाही. तिथे बाबांचं नाव लिहायचं. कार्डावर ते नाव छापून यावं, काचेखाली, दिव्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याने वाचावं, एवढं एकच मला या कामातून हवंय. बाबांचा फोटोसुद्धा धड नाही आमच्याकडे. आहे तो लग्नातला, त्यात मान वळवलेली.

पायऱ्या दोन-दोन चढत वर गेलो, या वयात. "दादा, ते रिव्हॉल्व्हर बाबांनी जुळवलंय! तीन ठिपके आहेत!" मला वाटलं, डोळ्यांत पाणी येईल त्याच्या. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. मी पुन्हा सांगितलं, तर ती शिवी हासडली. वहिनी धावत आली. "भावजी, काय सांगितलंत त्यांना? असे का करताहेत?" मी काय सांगणार, कपाळ? आनंदाची बातमी सांगितली, म्हटलं.

त्याचं हे नेहमीचंच आहे. बाबांचा विषय निघाला की हा उठणार. आता उठता येत नाही तर भिंत.

माझ्याकडे बाबांची एक आठवण आहे, ती इथे लिहून ठेवतो. लहान वयात जे गेलं ते गेलं, पण ही अगदी काल घडल्यासारखी आहे. बाकावर पत्र्याच्या डब्यांची दोन झाकणं उलटी ठेवलेली असायची. एक कामाचं: गिऱ्हाइकांच्या बंदुकांचे तयार भाग. एक सरावाचं: भंगारातल्या बंदुकांचे तुकडे, माझ्यासाठी. बाबा ते तुकडे भट्टीत लाल करून राखेत हळूहळू निवू द्यायचे, म्हणजे पोलाद मऊ पडतं आणि पोराची कानस चालते. मी आठ वर्षांचा. एक तुकडा आठवडाभर घासला. बाबांनी तो खिडकीपाशी धरला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "वा रे डावऱ्या! हा तर कामाच्या झाकणात शोभेल." तेवढ्यात पुढच्या खोलीत गिऱ्हाईक आलं म्हणून ते गेले. मी तो तुकडा लगेच कामाच्या झाकणात ठेवून दिला. माझ्या हातची पहिली वस्तू कामाच्या झाकणात! त्या रात्री झोप आली नाही.

पुढच्याच आठवड्यात बाबा गेले. मी शाळेत होतो. बंदूक साफ करताना अपघात झाला, असं मला सांगण्यात आलं.

ही झाकणाची गोष्ट मी दादाला हजारदा ऐकवली असेल. दरवेळी तो काहीतरी निमित्त काढून बाहेर जायचा. धाकट्याचं कौतुक काही लोकांना पचत नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

कालचं लिहिलेलं वाचलं. दादाबद्दल कडू लिहिलंय, पण खोडत नाही. सोळाव्या वर्षी त्याने दुकान अंगावर घेतलं, मला वाढवलं, सगळं मान्य. पण कसं वाढवलं? बाबा गेले त्याच महिन्यात माझा डावा हात सुतळीने बाकाच्या पायाला बांधायला लागला. कानस उजव्या हातात. डावा वर आला की लाकडी पट्टी. बाबांनी मला लाडाने डावऱ्या म्हटलं, याने तो शब्द घरातून हद्दपार केला. आज मी सगळं उजव्यानेच करतो, नि डाव्याने ग्लाससुद्धा उचलत नाही.

आणि दुसरं. चाळीस वर्षांत मला एकदाही घोड्याच्या कामाला हात लावू दिला नाही. नळ्या कर, चक्रं कर, मुठी कर. "घोड्याचं काम माझं." झालं. जणू माझ्या हातांना रोग झालाय.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज घोडा बाहेर काढला. लोक चापालाच घोडा म्हणतात, ते चूक. चाप बोटाने दाबायचा. घोडा मागे असतो, अंगठ्याने ओढायचा. ओढला की चापाचं टोक घोड्याच्या खाचेत अडकतं आणि घोडा ताणून उभा राहतो. चाप दाबला की खाच सुटते, घोडा पडतो, बार उडतो. सगळा जीव त्या एका खाचेत असतो. म्हणून तिथलं पोलाद तापवून पाण्यात बुडवतात, पाणी देतात, म्हणजे ते काचेसारखं कडक होतं.

या घोड्याची खाच झिजलीय. कडा गोल झाल्यात. आश्चर्य वाटलं म्हणून कोपऱ्यावर कानस टेकवून बघितली. पाणी दिलेल्या पोलादावरून कानस घसरते. ही चावली. लोण्यात गेल्यासारखी गेली.

घोड्याला पाणीच दिलेलं नाही. दिसायला देखणा, घासून आरसा केलेला, पण कच्चा. असला घोडा दहा-वीस वेळा नीट अडकतो. परीक्षा घेणाऱ्याला वाटतं, छान आहे. मग खाच घसरते, आणि चापाला हात न लावता घोडा पडतो.

बाबांकडून हे होणार नाही. कदापि नाही. नंतर कोणी अडाण्याने बदलला असणार. पण नंतर बदलला असता तर पिनेवर ओरखडे दिसले असते. पिनेचं टोक बाबांच्या पद्धतीने दाबलेलं आहे.

भिंग लावून बघितलं. अंगावर बारीक रेषा आहेत कानशीच्या, सगळ्या एकाच बाजूला कललेल्या. कामाच्या वहीत चित्र काढून ठेवलं. दुपारी जेवलो नाही.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बाई आल्या. मी त्यांना तीन नंबर दाखवले, ठिपके दाखवले, बाबांचं सांगितलं. त्या इतक्या खूश झाल्या की चष्मा खाली पडला. "काका, मग तर कार्डावर नाव घालूच! कारागिराचं नाव कधी सापडत नाही आम्हाला."

मग म्हणाल्या, "त्या घरच्यांनी हे पाकीट पाठवलंय, पेटीच्या अस्तरात होतं. ते या रिव्हॉल्व्हरला अपशकुनी म्हणायचे म्हणे. दुरुस्तीला दिलं होतं, तर दुरुस्त करणाराच त्याने गेला. चौकशीनंतर परत मिळालं, तसंच पेटीत टाकलं. नंतर कोणी उघडलंसुद्धा नाही."

पाकिटात चौकशीवाल्यांची पुठ्ठ्याची चिठ्ठी. सुतळी अजून ओवलेली. शाई फिकट झालीय, पण तारीख वाचता येते. त्या तारखेला आई दरवर्षी उपाशी राहायची.

बाई बोलतच होत्या. मधेच थांबल्या. "काका, पाणी आणू?" मी म्हटलं, भिंगामुळे डोळे दुखतात.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दुकान उघडलं नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

चार दिवस डोक्यात एकच घाणा फिरतोय. लिहून टाकतो.

भट्टी दादाकडे होती. सोळा वर्षांचा होता आणि पोलादाला पाणी देण्याचं काम बाबांनी त्याच्याकडे सोपवलं होतं. बाबा भाग तयार करायचे, तो पाणी द्यायचा, मग बाबा जुळवायचे. या घोड्याला पाणी दिलं गेलं नाही. म्हणजे कोण विसरलं? दोन आणि दोन चारच होतात.

म्हणूनच मला घोड्याला हात लावू द्यायचा नाही. म्हणूनच बाबांचं नाव काढलं की पळायचा. आणि आई! आई त्याच्या हातचं पाणीसुद्धा घ्यायची नाही. तो ग्लास पुढे करायचा, ती उठून स्वतः ओतून घ्यायची. मला वाटायचं, तो मला मारतो म्हणून तिला राग असेल. मी मनातून सुखावायचोसुद्धा. किती वर्षं! ती गेली तेव्हा शेवटचे दोन घोट माझ्या हातून घेतले, तो पायाशी उभा.

आधी वहिनीला विचारलं, स्वयंपाकघरात. तिने ओट्यावरचं पातेलं उगाच दोनदा पुसलं. "मला माहीत होतं, भावजी. लग्न ठरलं तेव्हा मला एकटीला गाठून म्हणाले, माझ्या चुकीने माझा बाप गेलाय, चालेल का? आधी सांगतो, नंतर म्हणू नकोस."

"आणि तुम्ही चालेल म्हणालात."

"असं विचारणारा माणूस वाईट नसतो, असं वाटलं मला."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. आईला, वहिनीला, चौकशीवाल्यांना. मलाच काय ते दुधखुळं ठेवलं.

वर गेलो. घोडा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "याला पाणी द्यायला कोण विसरलं?"

त्याने घोड्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. "मी."

स्पष्ट. आठ महिन्यांत इतकं स्पष्ट काही बोलला नव्हता.

मी काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. एक लिहितो, कारण ते बोललो आणि बोलताना बरं वाटलं. म्हटलं, "आईने तुझ्या हातचं पाणी घेतलं नाही ते बरोबरच केलं."

तो म्हणाला, "हो."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आठ दिवस वर गेलो नाही. वहिनी डबा खाली आणून ठेवते, बोलत नाही. आज बोलली. "दोन दिवस तोंडात घास घेत नाहीत, फुलपात्रातून चार घोट दूध जातं तेवढंच. चमचा नेला की दात आवळतात. तुम्ही एकदा या."

मी म्हटलं, "मी येऊन काय करू? मला फक्त नळ्या नि मुठी येतात."

ती गेली. पायऱ्यांवर तिचे गुडघे वाजतात, ते ऐकू येत होतं.

तक्ता भरायला घेतला. नळी, चक्र, सांगाडा, मूठ: जुळणी आमच्या वडिलांची. घोड्यापाशी लिहिलं: "पाणी दिलेलं नाही. चूक थोरल्या मुलाची." खाडाखोड न करता लिहिलं. अक्षर छान आलं. खोटं कशाला बोलू, समाधान वाटलं.

बाईंचा फोन आला. "काका, तुमच्या नोंदवहीत बघितलं ते कानशीच्या रेषांचं चित्र फार छान आहे. तशाच रेषा एखाद्या तुकड्यावर करून द्याल? लोकांना हात लावून बघता येईल, पूर्वी हाताने कसं काम व्हायचं ते." म्हटलं देतो, त्यात काय.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी बाईंच्या तुकड्याला बसलो. भंगारातलं पोलाद भट्टीत लाल केलं, राखेत निववलं, शेगड्याच्या पकडीत आवळलं, कानस चालवली. रेषा पडल्या. घोड्याशेजारी ठेवून भिंगातून बघितलं. उलट्या. माझ्या रेषा एका बाजूला कललेल्या, घोड्यावरच्या दुसऱ्या. तुकडा फिरवला, शेगडा फिरवला, स्वतः बाकाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिलो. उलट्याच. चिडलो. बाबा उजव्या हाताचे होते, दादा उजव्या हाताचा, दोघांच्या कामाचे तुकडे आजही खणात पडलेत. ते काढून बघितले. सगळ्यांच्या रेषा माझ्यासारख्या. या घोड्यासारख्या एकाच्याही नाहीत.

मग कानस डाव्या हातात घेतली. का घेतली सांगता येत नाही. खरं तर उजवा दुखत होता म्हणून.

हात विसरला नव्हता. पन्नास वर्षं बांधून ठेवलेला हात पहिल्या फटक्यात चालला. भिंगाची गरज पडली नाही, नुसत्या डोळ्यांना दिसलं. त्याच रेषा. तोच कल. शेवटी मनगट किंचित उचलायची लकबसुद्धा तीच, दर रेषेच्या टोकाला बारीक शेपूट.

आठवडाभर घासलेला माझा तुकडा, भंगारातल्या कुठल्याशा रिव्हॉल्व्हरचा घोडा.

मऊ केलेला. सरावाचा. मी कामाच्या झाकणात ठेवलेला. आणि पुढच्या आठवड्यात बाबांना त्या जुळणीसाठी घोडा हवा होता, तेव्हा त्यांनी हात घातला तो कामाच्या झाकणात. त्या झाकणातल्या वस्तूला पाणी दिलेलं असतंच, तोच तर त्या झाकणाचा नियम. पुन्हा तपासायची कोणाला गरज वाटत नसे.

दादा कधीच विसरला नव्हता. त्याने हा घोडा त्याआधी हातातच घेतला नव्हता. परीक्षा घेताना घोडा आपोआप पडून बार उडाल्यावर, अंगणात, बाबांच्या शेजारी, त्याने तो ओढून बघितला असणार, आणि अंगावरच्या रेषांचा कल बघून त्याला कळलं असणार. घरात डावखुरा एकच होता. मी शाळेत होतो, बहुतेक पाढे म्हणत असेन. मी घरी येईपर्यंत त्याने चौकशीवाल्यांना सांगून टाकलं होतं, मी विसरलो. आईलाही तेच. मग माझा डावा हात बांधला, म्हणजे तशा रेषा पुन्हा कोणाला दिसायला नकोत. मलासुद्धा. घोड्याचं काम माझ्यापासून लांब ठेवलं, म्हणजे एखाद्या दिवशी माझ्या हाताला आठवायला नको. आणि मी त्याला ती झाकणाची गोष्ट हजारदा ऐकवली. छाती फुगवून ऐकवली. त्याने एकदाही म्हटलं नाही, गप्प बस. उठून बाहेर जायचा, बस.

मी वर गेलो. तो भिंतीकडे तोंड करून होता. घोडा त्याच्या डाव्या तळहातावर ठेवला, चालतो त्या हातावर. त्याने न बघता अंगठा त्याच्या अंगावरून फिरवला.

"दादा, हा मी घासलाय."

"नाही."

"मीच ठेवला कामाच्या झाकणात."

"नाही."

"दादा, मला कळलंय रे. सगळं कळलंय."

"मी," तो म्हणाला. "मी. मी." आणि मूठ आवळली. मी बोटं सोडवायला गेलो तर सुटेनात. अर्धं अंग गेलेल्या माणसात एवढा जोर कुठून आला देव जाणे. कपाळावर शिरा उभ्या राहिल्या. भीती वाटली मला, दुसरा झटका यायचा. म्हणून म्हटलं, "बरं बाबा, तुझं. घोड्याचं काम तुझं."

तेव्हा कुठे श्वास सोडला त्याने. मूठ सोडली नाही.

वहिनी दारात होती, दुधाचा वाडगा हातात. "भावजी, आत्ता काय म्हणालात? पहिल्यापासून सांगा."

बाहेर नेऊन पायरीवर बसवलं आणि सांगितलं. झाकणांचं, रेषांचं, सगळं. ती ऐकत होती. एकदाच बोलली, "माझ्याशीपण खोटं बोलले." मग थोड्या वेळाने, "म्हणजे सासूबाई इतकी वर्षं..." वाडगा माझ्या हातात दिला आणि भिंतीला डोकं टेकून रडायला लागली. मीही रडलो. साठी उलटलेली दोन माणसं पायरीवर बसून रडत होती आणि खाली दुकानाची बेल कोणीतरी वाजवत होतं. गेलो नाही.

आईला कसं सांगू? तिला आता कोण सांगणार? ती गेली त्या दिवशी पायाशी उभा होता तो, हातात तांब्या धरून. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

२९ नोव्हेंबर, शनिवार

तक्ता फाडला, नवा भरला. बाबांचं नाव सगळीकडे तसंच. घोड्यापाशी लिहिलं: "दुसऱ्या रिव्हॉल्व्हरचा. सरावासाठी मऊ केलेला. कानसकाम दुकानातल्या धाकट्या मुलाचं, वय आठ, डावखुरा. चुकून कामाच्या झाकणात त्यानेच ठेवला. थोरल्या मुलाची कसलीही चूक नाही." शेवटचं वाक्य दोनदा लिहिलं गेलं, तसंच ठेवलं. बाईंना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी शेवटचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "काका, एवढं सगळं कार्डावर मावणार नाही." म्हटलं, "मग बाकीचं काढा. शेवटचं ठेवा."

घोडा मिळायला वेळ लागेल, तेही सांगितलं. तो अजून दादाच्या मुठीत आहे. झोपेतसुद्धा सोडला नाही म्हणे, वहिनीने बघितलं.

दुपारी दुधात पाव भिजवून घेऊन गेलो. वहिनी म्हणाली, तुम्हीच द्या. उशीपाशी बसलो. वाडगा उजव्या हातात धरला आणि चमचा डाव्या. ठरवून नाही, कालपासून तो हात आपोआप पुढे होतोय. दादाने दात आवळलेलेच. मी चमचा ओठांपाशी नेला. त्याची नजर माझ्या हातावर गेली, तिथेच थांबली. मग त्याने ती आवळलेली मूठ उचलली आणि माझ्या डाव्या मनगटावर मारली. जोर नव्हता, पण मारली, लहानपणी मारायचा तिथेच. आणि दाराकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

मी चमचा उजव्या हातात घेतला. तेव्हा त्याने तोंड उघडलं.